माणिकअण्णांची सोनेरी कार्डं

माणिकअण्णा मेत्रे यांची आणि माझी पहिली भेट माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नपत्रिकेमुळे झाली. औरादच्या बाजारात त्यांचा छापखाना होता. कच्च्या छपाईतल्या चुका मी एकामागून एक दाखवू लागले, तेव्हा वडील ओशाळले आणि अण्णा खूश झाले. पोरीला इथंच ठेवा, चुका काढायचा पगार देतो, म्हणाले. आम्ही ते थट्टेवारी नेलं. पुढच्याच आठवड्यात मी कामाला लागले होते.

घरोघरी टीव्हीवर दिवसभर क्रिकेट दिसू लागलं, त्या काळातली ही गोष्ट. गोळ्या-बिस्किटांबरोबर खेळाडूंची चित्रं फुकट मिळत आणि मुलं ती संध्याकाळपर्यंत चुरगाळून टाकत. अण्णांच्या मनात आलं, माणूस कपाटात जपून ठेवील असं कार्ड का करू नये? जाड पुठ्ठा, सोनेरी वर्ख, प्रत्येक कार्डावर क्रमांक. आणि ठरलेली संख्या छापून झाली की छपाईची प्लेट मोडून टाकायची, म्हणजे तेच कार्ड पुन्हा निघायला नको. क्रिकेटबरोबर कबड्डी, हॉकी आणि कुस्तीही हवी. अण्णांना आता पत्ते पिसायचे आहेत, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. अण्णांनी औरादचा छापखाना विकला, बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेतली आणि ‘पटांगण कार्ड्स’ अशी पाटी लावली. परतीची वाट त्यांनी ठेवली नव्हती.

ज्याचा फोटो, त्याला दाखवल्याशिवाय छापायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. हुलसूरकडच्या एका कबड्डीपटू मुलीला आपल्या कार्डावरचा फोटो रडका वाटला. फोटो चांगला होता, हे मी आजही म्हणेन. पण अण्णांनी तयार प्लेट बाजूला ठेवली आणि छायाचित्रकाराला घेऊन पुन्हा तिच्या दारात गेले.

पहिली मोठी मागणी बंगळुरूच्या एका व्यापाऱ्याची आली. हा माल परत आला असता, तर पाटी उतरवावी लागली असती. अण्णा त्याच्याकडे बोलणी पक्की करायला गेले आणि इकडे पॅकिंगच्या बायकांनी जीव ओतून काम उरकलं. या सगळ्या लग्नपत्रिकांच्या कामात मुरलेल्या. पहिला माल, त्यातही सोन्याचा, तो कोरा कसा पाठवायचा? रुक्मिणअक्कांनी पुढाकार घेतला आणि प्रत्येक सोनेरी कार्डाच्या कोपऱ्याला हळदी-कुंकवाचं बोट लावलं.

अण्णांनी परत आल्यावर खोकं उघडलं आणि एकेक कार्ड काढून कोपरे पाहिले. संग्राहकाला कार्ड निष्कलंक लागतं. ठिपका पडला की त्याच्या लेखी ते संपलं. मशीनवरच्या रफीकभाईंनी तोड सुचवली: चारी कडा दोऱ्याएवढ्या कापू, डाग जाईल, कुणाला कळणारही नाही. खरंच कळलं नसतं. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. कमी केलेलं कार्ड पूर्ण म्हणून विकणं त्यांना मान्य नव्हतं.

रुक्मिणअक्का पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आता आपण घरी बसणार, हे त्या धरूनच चालल्या होत्या. अण्णा म्हणाले, “अक्का, रडायलाव कामून? चूक माझी हाय. काम शिकवलं, पर हे कुनासाठी करायलोत ते सांगितलंच न्हाई.”

मग सगळ्यांसमोर त्यांनी बंगळुरूला फोन लावला. माझ्या चुकीनं माल खराब झाला, नव्यानं छापायला वेळ लागेल, तुम्ही दुसरीकडे गेलात तर राग नाही, एवढंच बोलले. पलीकडून फोन ठेवला गेला. अण्णांनी ती सगळी कार्डं स्वतः मशीनवर मधोमध कापली, म्हणजे एका क्रमांकाची दोन कार्डं जगात राहायला नकोत. हळदी-कुंकू यापुढं मशीनला लावा, असंही बजावलं. उत्तराची वाट न पाहता, अजून न मोडलेल्या प्लेटांवरून छपाई पुन्हा सुरू झाली. मला आतून फार भीती वाटत होती.

माल तयार होत आला, तेव्हा व्यापारी स्वतः येऊन उभा राहिला. त्यानं खिशातून मोजपट्टी काढली, डाग घालवायला कडा कापल्यात का ते मोजून पाहिलं आणि सगळी कार्डं नेली. पुढं तोच ठिकठिकाणी सांगत सुटला की बिदरकडचा माणूस कड कापत नाही. आपल्या भागातली मुलं नोकरीसाठी पुण्या-हैदराबादला, परदेशात गेली, तिथंही ‘पटांगण’ पोहोचलं. कोळारचं कार्ड तिकडच्या कपाटात पाहिलं की ऊर भरून येतो, आणि ते मी लपवत नाही.

आज रुक्मिणअक्का पॅकिंग विभागाच्या प्रमुख आहेत. साठी जवळ आली तसे अण्णा निवृत्तीची भाषा करू लागले. आता तुम्ही सगळे तयार झालात, माझं काय काम, असं त्यांनी मध्यंतरी विचारलं.

रुक्मिणअक्का म्हणाल्या, “काम आमी करताव, अण्णा. पर आमचं चुकलं तर माझं चुकलं म्हनायला कोन हाय?”

अण्णांनी तो विषय पुन्हा काढलेला नाही. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. आम्हांला त्यांची अजून फार गरज आहे.