पत्रं वाचून दाखवण्याचा करार

ऐंशी सालानंतरची गोष्ट. रत्नागिरीच्या कोर्टात मी नवीनच वकिली सुरू केली होती. एका सकाळी बंदरावरचे एक म्हातारे तांडेल आले. सगळा जन्म गलबतावर गेलेला, आता डोळ्यांत मोतीबिंदू. सोबत त्यांच्या शेजारची शिवणकाम करणारी बाई, नवऱ्याने टाकलेली.

"आमच्या पडवीतली खोली हिला दहा वर्षं शिवणाला द्यायची आहे. फुकट," ते म्हणाले. "मी गेल्यावर कुणी हिला उठवता नये, असा कागद करा."

"चाचा, ही तुमच्या नात्यातली नाही. नुसत्या मायेपोटी दिलेला शब्द कोर्ट पाळायला लावत नाही. मोबदला लागतो. थोडं भाडं लिहूया."

"हिच्याकडून भाडं? मग कागदच नको." ते उठायला लागले.

मी तिला विचारलं, "तू यांचं काही काम करतेस का?"

"मी काय करणार? यांच्या मुलाचं कुवेतहून पत्र आलं की वाचून दाखवते. उत्तर लिहिते. चाचींनाही वाचता येत नाही."

"यापुढेही वाचशील, असं लिहून देशील?"

तिला हसू आलं. "त्याला कागद कशाला?"

"त्यावरच तुझी खोली टिकेल."

तसंच लिहिलं. खोलीच्या बदल्यात चाचा-चाचींना आलेलं प्रत्येक पत्र वाचून दाखवणं. रजिस्ट्रारच्या कारकुनाने ते कलम दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

चौथ्या वर्षी चाचा गेले. मुलगा रजेवर आला आणि करार घेऊन माझ्याकडे. खोलीत त्याला दुकान काढायचं होतं.

"हा मला लागू होतो?"

"होतो. वारसांनाही बांधतो."

तो ते कलम वाचत राहिला. मग हळूच म्हणाला, "अब्बांशी मी पत्रांतून भांडायचो. ते सगळं हिने वाचलं?"

"तिलाच विचारू."

आम्ही गेलो. तिने मशीन थांबवली. त्याने तोच प्रश्न विचारला.

"भांडण मी मऊ करून वाचायचे," ती म्हणाली. "येतो म्हणून लिहिलेली ओळ मात्र चाचा तीनतीनदा वाचून घ्यायचे."

खरं तर तो करारभंगच होता.

तो तिथेच कापडांच्या गठ्ठ्याशेजारी बसला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले, आणि अब्बा आणखी काय काय म्हणायचे ते विचारू लागला. मी कोर्टात परतले.

दुकान त्याने पुढे हातखंब्याच्या नाक्यावर काढलं.