सर, दहापैकी किती?

आज रविवार. सरांना जाऊन वर्ष झालं.

सकाळी पूजा झाली. लातूरहून पाहुणे आले, त्यांचे जुने विद्यार्थी आले, माझ्या हॉस्पिटलमधल्या दोघी-तिघी आल्या. जेवणं झाली. दुपार कलली तसं घर रिकामं झालं.

आणि जाताना जवळजवळ प्रत्येकाने मला एकच वाक्य ऐकवलं.

"सरांनी लई सोसलं बघा. पण कधी हूं केलं न्हाई."

मी मान हलवली. वाद घालायचा माझा स्वभाव नाही.

पण इथे लिहिते. हे कौतुक आता पुरे. मला ते ऐकवत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर म्हणजे माझे मिस्टर. लातूरला कोचिंगमध्ये फिजिक्स शिकवायचे. मी इथे नांदेडला स्टाफ नर्स. आमचा सगळा संसार शनिवारच्या एसटीवर झाला.

घरातसुद्धा मी त्यांना सरच म्हणायचे. आणि ते मला सिस्टर.

बायकोला सिस्टर म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझी आई कपाळावर हात मारून घ्यायची.

ओळख भूकंपाच्या वेळची. मी ट्रेनिंगला होते. आम्हा सगळ्या मुलींना लातूरला ड्यूटी लावली. वॉर्ड कसला, व्हरांडाच तो. हे औशाकडचे. ढिगारे उपसायला गेलेले, आणि खांद्याचं हाड मोडून भिंतीला टेकून बसलेले.

नाडी बघायला हात धरला, तर म्हणाले, "माझं काय न्हाई ओ सिस्टर. आधी त्या म्हातारीला बघा."

तेव्हा ते बरोबर होतं. त्या म्हातारीला आधी बघायलाच हवं होतं.

पण त्यानंतर जन्मभर हा माणूस त्याच रांगेत बसून राहिला.

दाढ दुखली, "माझं काय न्हाई." मूतखडा झाला, "माझं काय न्हाई."

अहो, इथे कोण म्हातारी आहे? घरात आपण दोघंच!

शेवटच्या आजारात कॅन्सर हाडांत उतरला होता. माझ्याच हॉस्पिटलमध्ये ठेवलं.

पेशंट आला की आम्ही ताप बघतो, नाडी, श्वास, बीपी. ते सगळं आपल्याला मोजता येतं. दुखणं मात्र पेशंटलाच विचारावं लागतं. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. तो सांगेल तोच आकडा चार्टवर. आपल्या मनाचा लिहायचा नाही.

वॉर्डात केळ्यांच्या अर्धापूरची प्रियंका सिस्टर होती, मला मॅडम म्हणणारी. ती यांना विचारायची, "सर, दहापैकी किती?"

"दोन."

दोन!

नाडी पळतेय. श्वास वरच्यावर चाललाय. कपाळ घामाने ओलं. पायाची बोटं आकसलेली, चादर मुठीत. आणि म्हणे दोन.

"अहो, जरा पायाची बोटं बघा तुमची."

"बोटांचे मार्क वेगळे असतात का?"

प्रियंका हसली. मला हसू आलं नाही.

"खरं सांगा ना."

"सिस्टर, मार्क वाढवून मागायचे नसतात. आयुष्यभर पालकांना हेच सांगत आलो."

दोनला मिळते गोळी. हाडाच्या दुखण्याला त्या गोळीने काय होणार? मी डॉक्टरांना सांगितलं. ते बिचारे स्वतः येऊन विचारून गेले. त्यांनाही दोनच. पेशंटच नको म्हणतोय म्हटल्यावर ते तरी औषध किती वाढवणार?

आठवडाभर हेच. भेटायला आलेले बाहेर येऊन म्हणायचे, काय धीराचा माणूस आहे. मला वाटायचं, एकेकाला धरून त्या कॉटवर झोपवावं.

शेवटी एका सकाळी मी खुर्ची ओढून समोर बसले.

"सर, तुम्ही आत्ता पेपर तपासताय की लिहिताय?"

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही लिहिणारे आहात. आणि उत्तर कोरं सोडून बसलाय. तपासणाऱ्याने काय करायचं?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग विचारलं, "निगेटिव्ह मार्किंग आहे का?"

नीट परीक्षेच्या पोरांना रोज हेच सांगायचे. चुकलं तर मार्क कापतात, खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्या.

"नाही," मी म्हटलं. "इथे काहीच कापत नाहीत."

"मग नऊ लिही."

नऊ.

नवऱ्याच्या तोंडून हे ऐकून बाईला रडू यायला हवं. मी "शाब्बास" म्हणाले. इतक्या मोठ्याने, की बाजूच्या कॉटवरचे आजोबा दचकले.

इंजेक्शन दिलं. थोड्या वेळाने मूठ सुटली. संध्याकाळी स्वतःहून केळं मागितलं. मी विकत आणलं, तर एक घास खाऊन प्रियंकाला म्हणाले, "अर्धापूरचं न्हाई हे. फसवलं तुझ्या मॅडमला."

त्यानंतर खरे आकडे यायला लागले. पाच. चार. कधी सहा, मग लगेच औषध. आम्ही बोललो, भांडलो, पत्तेसुद्धा खेळलो.

गेले त्या सकाळी विचारलं, तर दोन म्हणाले. मी हात धरून बसले होते. या वेळी खरंच दोन होतं.

म्हणून सांगते. कधी हूं केलं नाही, यात मोठेपणा काही नाही. तो आठवडा आम्हाला बोलत, भांडत घालवता आला असता. तो दात आवळण्यात गेला.

तुमचं कुणी कॉटवर असेल तर त्याला धीराचा म्हणू नका. त्याला वाटतं, आता तसंच राहावं लागणार. त्यापेक्षा किती दुखतंय ते विचारा, आणि सिस्टरला जाऊन सांगा.

सर, तुम्हाला मनापासून नमस्कार. राग अजून गेलेला नाही. जाईल हळूहळू.

सगळ्यांना वाढता वाढता माझं जेवण राहिलंय. वरण गरम करायला ठेवते.