बाहेर उघडणारं दार

भवानीनगरच्या अलीकडं, कालव्याच्या कडेला सोपानराव आणि रंगूबाईंचं घर आहे. रंगूबाई बासष्ट वर्षांच्या. आवाज चढा, बोलणं तोडून. त्यांच्या तोंडी लागू नये, असं भावकीत सगळेच म्हणतात. पण ही बाई रोज सकाळी काय करते, ते विचारलं तर फार थोड्यांना सांगता येईल.

तीन वर्षांपूर्वी सोपानरावांची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून त्यांना अंघोळ घालतात त्या रंगूबाईच. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवायचं, अंग चोळायचं, मग नवऱ्याचा हात आपल्या मानेभोवती टाकून त्याला उभं करायचं. बाथरूम एवढंसं, फरशी गुळगुळीत, दाराशी वीतभर उंबरा. दोन माणसं आत मावायची नाहीत. एक पाय दाराबाहेर ठेवूनच रंगूबाई पाणी ओतायच्या.

थंडीत एकदा त्या गोठ्यात असताना सोपानराव एकटेच भिंत धरत बाथरूममध्ये गेले आणि पडले. दार आतल्या बाजूला उघडणारं, आणि ते पडले नेमके दारालाच पाठ लावून. बाहेरून ढकललं की दार त्यांच्या बरगडीत रुतायचं. आतून नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. शेवटी शेजारच्या हिंदुरावांनी कुऱ्हाडीनं दाराची वरची फळी फोडली आणि ते आत उतरले. तोवर सोपानराव पाऊण तास गार फरशीवर उघडे पडून होते आणि सगळी वस्ती अंगणात जमली होती. त्यानंतर कितीतरी दिवस ते कुणाच्या नजरेला नजर देत नव्हते.

मग मुलानं, ज्ञानेशनं ठरवलं की जुनं बाथरूम पाडून सगळं नवीन करायचं. तो बारामती एमआयडीसीत सुपरवायझर. रंगूबाईंना बरं वाटलं. पोराला बापाचं कळलं, असं त्या मनाशी म्हणाल्या.

एका रविवारी म्हस्कू मिस्त्री टेप घेऊन आला. ज्ञानेशनं मोबाईलवर फोटो काढून दाखवले. रंगूबाई आत चहा गाळत होत्या. बोलणं कानावर येत होतं.

"टाईल्स काळ्या, चकचकीत. माझ्या मेव्हण्याच्या बंगल्यात हायेत तशा. हितं काचेचं पार्टिशन. पाणी भाईर यायला नको, चार इंच उंबरा घे."

"आन् दार?" म्हस्कूनं विचारलं.

"आतच उघडू दे. भाईर वॉशिंग मशीन ठिवायचीय."

रंगूबाईंच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं. त्या बाहेर आल्या.

"दार आत उघडायचं? पुन्हा?"

"आई, तुला यातलं काय कळतंय? तू चहा आण."

एवढं पुरे झालं. रंगूबाई गोठ्यातून चुन्याची पाटी घेऊन आल्या आणि टेपवर जेवढं माप होतं तेवढा चौकोन त्यांनी अंगणात आखला. काचेची रेघ ओढली, दाराची ओढली. मधोमध खुर्ची ठेवली.

"बस."

"आई, मिस्त्रीसमोर काय हे?"

"बस म्हंते ना!"

ज्ञानेश बसला.

"उजवा हात मांडीखाली घे. उजवा पाय हलवायचा न्हाय. म्हस्कू, तू मी हो. रेघंच्या आत राहून उठव त्याला."

म्हस्कूनं वाकून बगलेत हात घातला. पहिल्याच झटक्यात त्याचा पाय काचेच्या रेघेपलीकडं गेला. दुसऱ्यांदा खुर्चीच कलंडली आणि ज्ञानेश हसला.

"हसतुयास?" रंगूबाईंचा आवाज फाटला. "तीन वर्सं झाली. एक दिवस तरी घातलीस का बापाला अंघुळ? माझी कंबर गेली, तुला ठावं न्हाय. आन् काळ्या टाईल्स कुणाला दावायच्यात? पावण्यास्नी? बाप आत मेला तर पावणं दार फोडायला येत्याल का?"

ओसरीवरच्या कॉटवरून सोपानराव बघत होते. जीभ वळवायला त्यांना वेळ लागायचा. सगळे थांबले.

"दार... भाईर," ते म्हणाले.

ज्ञानेशनं मोटारसायकल काढली आणि तो निघून गेला. पुढचे चार दिवस त्यानं आईशी शब्द काढला नाही. रंगूबाईंनीही मनधरणी केली नाही. पुढच्या रविवारी मात्र त्यांनी बादली त्याच्यापुढं आपटली.

"आज तू घाल."

तासभर लागला. ज्ञानेशनं साबण डोळ्यांत घातला, पाणी गार करून ठेवलं, उठवताना दोघंही भिंतीवर आदळले. बाहेर आला तेव्हा तो नखशिखांत भिजलेला होता. तसाच ओल्या हातानं त्यानं म्हस्कूला फोन लावला.

महिन्याभरात बाथरूम झालं. खरबरीत फरशी, उंबरा नाही, दोन्ही बाजूंना धरायला स्टीलचे दांडे, दार बाहेर उघडणारं. वॉशिंग मशीन स्वयंपाकघरामागं गेली. काळ्या टाईल्सचा हट्ट ज्ञानेशनं सोडला नाही. त्या एका भिंतीवर बसल्याच. रविवारची अंघोळ आता तो घालतो, अजून धसमुसळेपणानंच.

हिंदुरावांची बायको बघायला आली. हात फिरवून म्हणाली, "ज्ञानेशनं बापासाठी किती केलं बाई! असा ल्योक मिळाया नशीब लागतं."

रंगूबाई टॉवेल पिळत होत्या.

"व्हय, लई केलं," त्या म्हणाल्या. "आता वाट सोड. पाणी निवतंय."