चिठ्ठीवरची पोटदुखी

साहेबानं माही चिठ्ठी कामावरच्या साऱ्या गँगसमोर मोठ्यानं वाचली. दवाखान्यात जायचं तं सिक-चिठ्ठीवर साहेबाची सही लागे, अन् आजार काय तो आपणच लिहून द्यावा लागे. मी लिहिलं होतं, 'मन मरून गेलं आहे.'

साहेब आमच्याच भाषेचा, नागपूरचा. हसला अन् म्हणाला, "बौद्ध काय झालात, आता तुम्हाला मनसुद्धा यायला लागलं?"

गँग हसली. आमच्याच समाजाचे दोघं होते, तेबी हसले. ते जास्त लागलं.

मी खलाशी, पण जहाजावरचा नाई. कारखाना उभा होऊन राहिला होता. क्रेननं वर गेलेले गर्डर धराचे अन् बोल्ट भराचे, हे माहं काम. सहा महिन्यांपासून घास मातीवानी लागे. सकाळी डोळा उघडला का वाटे, काहून उघडला. घरात कोणी मेलं नव्हतं. क्वार्टर भेटलं होतं, दारात नळ होता, माह्या हातानं पाणी बाटत नव्हतं. एवढं सुख असून रडू येई, अन् ते सांगाची लाज वाटे.

पहिले मीबी तेच केलं जे कामगारांच्या कॅम्पातले सारे करत. आतून काईबी झालं का चिठ्ठीवर 'पोटदुखी' लिहाचं. पोटदुखीले साहेब सही देत होता, कंपाउंडर लाल पाणी देत होता. सहा महिने मी लाल पाणी पेलो. पोट माहं ठणठणीत होतं.

एक दिवस वर बीमवर उभा होतो अन् कमरेच्या सेफ्टी पट्ट्याचा हूक लावलाच नाई. विसरलो नव्हतो. हूक हातात होता. बाजूच्या गड्यानं आवाज दिला म्हणून लावला.

घरी बायकोले सांगतलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला तिचा.

"खरं लिहा," ती म्हणाली. "माह्या मावशीच्या पोराले नागपूरले मनाच्या डाक्तरकडं नेलं होतं. तुमीबी जा."

"पागल म्हणतीन. कामावरून काढतीन."

"अन् तुमी वरून पडले तं काम राहीन का?"

म्हणून खरं लिहिलं. अन् ते साहेबानं वाचलं. हसणं थांबल्यावर त्यानं चिठ्ठी परत केली. "पोटदुखी लिही. सही देतो."

त्याच्या मतानं तो मेहरबानी करून राहिला होता. मले माहा बाप आठवला. गावात तो सात वर्सं भिताडाकडं तोंड करून पडला होता. गाव म्हणे, आळशी आहे. आमीबी तेच म्हणत होतो. कोणी विचारलं नाई, त्यानं सांगतलं नाई, अन् तसाच मेला.

मी म्हटलं, "साहेब, पोट नाई दुखत. खोटं लिहिणार नाई. सही द्याची नसन तं नाई म्हणून लिहा."

त्यानं 'नामंजूर' लिहिलं.

गेटवर हजेरीचं टोकन जमा केलं अन् रजा नसतानाच पावर हाउस टेशनावर येऊन नागपूरच्या गाडीत बसलो. बायको सोबत होती. बरं वाटत नव्हतं, बरं होईन असंबी वाटत नव्हतं. चिठ्ठी खिशात होती, तीच डाक्तरापुढं ठेवणार होतो. आजार नाई गेला तं नको जाऊ. त्याचं नाव मी बदलणार नाई.