आपला ग्लास आपण भरू नये

"आपला ग्लास आपण भरू नये," हे काकांचं ब्रह्मवाक्य. स्लोटरडाइकच्या आमच्या ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी बिअर उघडली, की सगळे डच आपापली बाटली तोंडाला लावून मोकळे. काका मात्र रिकामा ग्लास पुढ्यात ठेवून शांत बसायचे. मूळचे कोरियाचे, निवृत्तीला आलेले. आम्ही मराठी मंडळी आपसात त्यांना काकाच म्हणायचो.

त्यांनी मला पहिल्यांदा ओतली, तेव्हा मी पुणेरी संस्कारांना जागलो. पानात टाकायचं नाही! ग्लास संपवला. त्यांनी भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला.

"अहो, पुरे!"

"मग रिकामा कशाला करतोस? रिकामा ग्लास म्हणजे 'आणखी द्या'."

घरी बायकोने दार उघडलं आणि नुसतं पाहिलं.

त्याचा सूड तिनेच उगवला. काका झूटरमेरला आमच्याकडे जेवायला आले. पान स्वच्छ केलं, की पुढची पुरणपोळी हजर, वर तुपाची धार. शेवटी काकांनी पट्टा सैल केला आणि पोळीचा तुकडा पानात तसाच ठेवला. हुशार माणूस.

थोरल्यांना दोन्ही हातांनी ओतायचं, त्यांच्यासमोर पिताना तोंड बाजूला वळवायचं, हे मला त्यांनीच शिकवलं. मी ओतताना फारच वाकायचो. "इतकं नको, सांडेल," म्हणायचे.

त्यांचा मुलगा इथेच वाढलेला. "गुणी आहे. फ्रिजमधून स्वतःची बाटली घेतो, मला म्हणतो, हवी तर घ्या. एकदा त्याने ओतून द्यावी, एवढंच वाटतं."

"मग सांगा की त्याला!"

"मागून घेतलं, तर त्यात काय उरलं?"

माझी लेक माझ्या मराठीला डचमध्ये उत्तर देते.

नोकरी संपली, काका कायमचे कोरियाला निघाले. ऑफिसातल्या निरोपाला मुलगाही आला. सवयीने मी दोन्ही हातांनी काकांचा ग्लास भरला, तोंड वळवून माझा प्यायलो. मुलगा बघत होता. काकांचा ग्लास रिकामा झाला. मी बाटलीकडे हात नेला, तर ती त्याने आधीच उचललेली. दुसरा हात खाली धरून त्याने वडिलांना ओतली. थोडी सांडली. खरं सांगतो, मी त्याला काही सांगितलं नव्हतं.

तोंड वळवायचं ते धाकट्याने. पण काकांनी ग्लास उचलला, खिडकीकडे वळले आणि मुलाकडे पाठ करून कितीतरी वेळ पीत राहिले.