आईनं हात धुतले

वर्गात सरांनी दाखवलेला फोटो मी घरी मोबाइलवर आईला दाखवायला गेले. काळ्या पडद्यावर एक फिकट गोळा. आई भाकरी थापत होती. "बाळाचा आहे," असं मी चुकून म्हणाले, तर तिनं पिठाचे हात धुतले, पदराला पुसले आणि मगच मोबाइल हातात घेतला.

"बाळ नाही गं," मी सावरून म्हणाले, "गर्भासारखं काहीतरी. कुणाच्या तरी पेशींपासून प्रयोगशाळेत बनवतात. गर्भ का टिकत नाही, ते कळावं म्हणून."

"आणि मग वाढतं?"

"वाढू देत नाहीत. ठरल्या वेळी त्यावर औषध ओतून ते टाकून देतात."

माझ्या आधीचं तिचं बाळ पोटातच गेलं होतं. का गेलं, ते तिला कुणीच सांगितलं नाही. असले गोळे तपासूनच ते कधीतरी कळेल, असं मला वाटतं.

"टाकताना जवळ कोण असतं?" तिनं विचारलं.

"असेल कुणीतरी, हातमोजे घातलेलं."

"आपल्या बाळाच्या वेळी तुझे पप्पा होते. ओढ्याकाठी पुरलं, वर मीठ घातलं. नाव नव्हतं ठेवलं, म्हणून हाकसुद्धा मारता आली नाही."

ती पुन्हा भाकरीकडे वळली.

तो गोळा म्हणजे बाळ नव्हे, हे मला माहीत आहे. पुढं मला हेच काम करायचं आहे. तेव्हा ओतणारे हात माझे असतील. ते मी धुईनच, प्रयोगशाळेचा नियमच आहे. पण आईनं धुतले तसे धुता येतील का, या विचारानं भीती वाटते.