पापणीचा पहिलवान

चहा घ्या आधी, निवांत. माझा गाढवपणा ऐकायचाय ना, मग घाई करू नका. मी जरा रमतगमत सांगणारा माणूस आहे. सांगता सांगता कुठे वाहवत गेलो, तर "दिगूभाऊ, परत या" म्हणून हाक मारा. आमची वासंती चाळीस वर्षं तेच करतेय.

तर मला मोतीबिंदू झाला. दोन्ही डोळ्यांत.

खरं सांगू, मला तो काही वाईट वाटत नव्हता. दिवेलागणीला बाल्कनीत बसलं की रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती गोल कडं दिसायचं. सगळ्या इंदूरवर कुणी हळूच दुधाचा हात फिरवलाय असं वाटायचं. समोरून येणारा माणूस ओळखीचा की अनोळखी ते कळायचं नाही, म्हणून मी सगळ्यांनाच नमस्कार करायचो. लोक म्हणायला लागले, रिटायर झाल्यापासून दिगंबरजी किती प्रेमळ झाले. हातोदला तहसील कचेरीत तीस वर्षं बाबू होतो, तेव्हा एवढे नमस्कार कुणाला केले नव्हते.

शेवटी जिन्याची एक पायरी चुकलो, तेव्हा वासंतीने धरून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडम तरुण, हसऱ्या. म्हणाल्या, "अंकल, पंद्रह मिनट का काम है. हिलना मत, और बस लाइट की तरफ देखते रहना."

देखते रहना. एवढंच डोक्यात घेऊन मी घरी आलो आणि माझी झोप उडाली.

कारण असं बघा, माझ्या पापण्या जन्मापासून चंचल. वासंती ऑपरेशनआधीचे थेंब टाकायला यायची तर दोन थेंब गालावर, एक कानात, आणि डोळा कोरडा. साधा थेंब आत जात नाही, तर सुरी कशी जाणार? आणि पंधरा मिनिटं पापणी न लववता बघत राहायचं? मध्येच लवली तर?

वासंती म्हणाली, "अहो, मॅडमना विचारा ना."

"काय विचारू? पापणी लवली तर काय होईल म्हणून? अडुसष्ट वर्षांचा माणूस आहे मी. बावळट म्हणतील."

आता कळतंय, तेव्हा बावळट म्हणवून घेतलं असतं तर स्वस्तात सुटलो असतो.

मग अभ्यास सुरू केला. सकाळी पोहे खाऊन आलं की बाल्कनीत खुर्ची टाकायची आणि समोरच्या पाण्याच्या टाकीकडे टक लावून बसायचं. वासंती आकडे मोजायची. पहिल्या दिवशी चार. आठवड्यात वीसवर आलो. डोळ्यांतून धारा लागायच्या आणि त्या धारांतून टाकी हलकेच तरंगायला लागायची. एकदा तर तिच्यावर बसलेलं कबूतर मला हंसासारखं दिसलं. एकूण मजा यायची.

ऑपरेशनचा दिवस उजाडला. त्यांनी थेंब टाकले आणि डोळा बधिर झाला. तोंडावर कापड आलं, डोळ्यापुरती खिडकी ठेवलेलं. मॅडम म्हणाल्या, "थोडा प्रेशर लगेगा." कुठेतरी काहीतरी गार टेकल्यासारखं वाटलं. मी देवाचं नाव घेतलं आणि पापणी वर ताणून धरली.

आणि मग काय दिसलं म्हणून सांगू. लहानपणी महेश्वरला नर्मदेत बुडी मारून वर सूर्याकडे बघायचो, तसं. पांढरा उजेड, मग निळसर, मग गुलाबी. तो हळूहळू विरघळायचा आणि पुन्हा जमायचा. वरून पाणी वाहत होतं पण ओलं काही लागत नव्हतं. यंत्राचा एकसुरी आवाज येत होता. मला वाटलं, मी असंच पडून राहावं, कुणी उठवू नये. आई घाटावर धुणं धुतेय आणि आक्का मला हाका मारतेय, तेसुद्धा ऐकू आलं.

पण सगळ्यात मोठं म्हणजे, पापणी लवली नाही. एकदाही नाही. मी जीव खाऊन धरली होती. आणि वरून मॅडमचा आवाज येत होता, "बढ़िया अंकल, बहुत बढ़िया. ऐसे ही रहिए."

माझी छाती टेबलावर फुगली.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची जाळीदार वाटी काढली. घरी परतताना पोह्यांच्या दुकानावर थांबलो, तर पोह्यांवरच्या जीरावण मसाल्याचा कण न् कण वेगळा दिसला. दुकानवाल्या भियाने विचारलं, "कैसा रहा बाबूजी?" मी म्हटलं, "भिया, पंधरा मिनट. पलक नहीं झपकी." तो झारा हातात धरून बघतच राहिला. शेजारी उभे असलेलेसुद्धा. मी पुढे जोडून दिलं, "डॉक्टर बोली, ऐसा पेशंट आज तक नहीं देखा."

हे मॅडम कुठे म्हणाल्या होत्या? पण त्यांच्या आवाजात होतं ते.

झालं. आठ दिवसांत मोहल्ल्यातले दोन मोतीबिंदूवाले माझ्याकडे यायला लागले. भंवरकुआंला जसे कोचिंग क्लास, तसा आमच्या बाल्कनीत पापण्यांचा क्लास. समोर टाकी, बाजूला मी. "श्वास सोडू नका, कपाळावर जोर द्या, मन शांत ठेवा." वासंती चहा आणून ठेवायची आणि काही न बोलता आत जायची. ती गप्प असली की समजून घ्यायला हवं, पण मी तेव्हा हवेत होतो.

आता आक्काचं सांगतो, कारण खरा घोळ तिथे झाला.

आक्का माझी थोरली बहीण. वय शहात्तर, मराठी शाळेतली रिटायर बाई, स्नेहलतागंजला मुलाकडे, हेमंतकडे असते. तिचं सगळं सुख पत्त्यांत. दर गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे जायचो आणि आम्ही चॅलेंज खेळायचो. पत्ते पालथे टाकायचे, "तीन गुलाम" म्हणायचं. खोटं वाटलं तर समोरच्याने "चॅलेंज" म्हणायचं. खोटं पकडलं गेलं की पडलेले सगळे पत्ते आपल्या गळ्यात. लहानपणापासून आक्काने माझी एक थाप पचू दिली नाही. पण गेली दोन वर्षं मी जिंकायला लागलो होतो. मला वाटायचं, वयानुसार आपला खेळ मुरला आणि तिचा उतरला. कधी कधी दया येऊन मुद्दाम हरायचोसुद्धा.

तिलाही मोतीबिंदू होता, माझ्यापेक्षा पिकलेला. इस्पिक आणि किलवर एकच दिसायचं. गरम चहाचा कप टेबलाच्या काठाबाहेर ठेवून पाय भाजून घेतला, तेव्हा कुठे ती ऑपरेशनला तयार झाली. त्याच मॅडमकडची तारीखही मिळाली.

मी तिला धीर द्यायला गेलो. धीरच द्यायला, बरं का.

"दुखतं का रे?" तिने विचारलं.

"छे. दुखत अजिबात नाही. फक्त पंधरा मिनिटं पापणी लवू द्यायची नाही."

"आणि लवली तर?"

"लवली तर..." खरं तर मलाच माहीत नव्हतं. "लवली तर संपलंच की आक्का. म्हणून तर प्रॅक्टिस."

मी मोजायला लागलो. सातला तिची पापणी लवली. दुसऱ्या दिवशी सहा. मग नऊ. पुन्हा पाच. मी रोज जायचो. ती शाळेतल्यासारखी ताठ बसायची, ओठ घट्ट मिटून. नऊच्या पुढे गाडी जाईना. एक दिवस तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "आज राहू दे."

दोन दिवसांनी हेमंतचा फोन आला. "मामा, आईने ऑपरेशन कॅन्सल केलं. म्हणते, दिगूला जमलं, मला नाही जमणार. आहे तेवढं दिसतंय ते पुरे. काय झालं एकदम, काही कळत नाहीये."

मी गेलो तर तिने पत्त्यांचा पितळी डबा माझ्यापुढे सरकवला. "घेऊन जा. तुझ्या नातवंडांना होईल. मला आता राणी कुठली आणि राजा कुठला, काही कळत नाही."

मला फार वाईट वाटलं. डबा मांडीवर घेऊन घरी आलो. पण आता चहाच्या साक्षीने खरं सांगायचं तर, मनाच्या एका कोपऱ्यात असंही वाटत होतं की शेवटी ही गोष्ट सगळ्यांना जमण्यातली नाहीच. बघा, किती हलकट असतो माणूस.

महिन्याने माझ्या दुसऱ्या डोळ्याची पाळी आली. मी टेबलावर आडवा झालो, थेंब पडले. कापड यायच्या आधी मी मॅडमना म्हटलं, "मॅडम, इस बार और अच्छा रखूंगा."

"क्या रखेंगे अंकल?"

"पलक. पिछली बार पंधरा मिनट खुली रखी थी ना. इस बार आप चाहें तो बीस ले लो."

मग सिस्टरच्या मास्कमधून बारीक फुर्र असा आवाज आला. मॅडमनी ट्रेमधून काहीतरी उचललं आणि दिव्याखाली माझ्यापुढे धरलं. तारेची एक नाजूक वस्तू. वाकवलेल्या आकड्यासारखी, दोन बाजूंना दोन गोलसर कड्या, मध्ये स्प्रिंग.

"अंकल, पलक ये पकड़ता है. एक ऊपर, एक नीचे. ये लगा हो तो आप चाहकर भी नहीं झपका सकते."

मी बघत राहिलो. "पिछली बार?"

"पिछली बार भी. हर बार, सबको."

"फिर आप बढ़िया-बढ़िया..."

"वो तो आप पूरे टाइम इतनी ज़ोर से झपकाने की कोशिश कर रहे थे," मॅडम अगदी मायेने म्हणाल्या, "मुझे लगा घबरा रहे हैं. तो हिम्मत बढ़ा रही थी."

कापड आलं. गार काहीतरी टेकलं. पुन्हा तो उजेड, निळसर, गुलाबी, वरून वाहणारं पाणी. या वेळी मी कपाळावर जोर दिला नाही. तरी डोळा उघडाच होता, आपोआप. घाटावर आक्का पुन्हा दिसली, पण या वेळी हाका मारत नव्हती. ताठ बसून सातपर्यंत पापणी ताणत होती. मला तिथे रडू आलं. पण पापणी मिटता येत नव्हती, त्यामुळे ते नीट रडताही येईना.

दुसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून, पितळी डबा घेऊन आक्काकडे गेलो. सोबत वासंती. रिक्षात मी ठरवलं होतं, सरळ पाय धरायचे आणि सांगायचं, तुझा भाऊ मूर्ख आहे.

पण तोंडातून भलतंच निघालं.

"आक्का, खुशखबर. एक नवीन क्लिप निघालीय. पापणी तीच धरून ठेवते. आपल्याला काही करावं लागत नाही. मी कालच बघितली."

"तुझ्या पहिल्या वेळी नव्हती?"

"नव्हती ना. तेव्हा आपलं आपल्यालाच धरावं लागायचं."

वासंतीने छताकडे बघितलं. आक्काने पितळी डबा स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "हेमंत, लाव रे फोन दवाखान्यात."

ऑपरेशन छान झालं. वाटी काढल्याच्या दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. गुरुवारच होता. गेलो तर आक्का खिडकीत, पत्ते पिसून तयार. ऊन तिच्या तोंडावर, आणि ती पत्ता न् पत्ता उलटून असा बघत होती जसा कुणी जुना अल्बम बघतं. मला बघून हसली. इतकं बरं वाटलं, की चहासुद्धा मागायचा राहिला.

"बस. पत्ते वाट."

मी दोन पत्ते टाकले. "दोन एक्के."

"चॅलेंज."

पत्ते माझ्या गळ्यात. मग "तीन गुलाम". चॅलेंज. मग "एक दश्शी". ती दश्शी खरी होती, तर तिने हूं की चूं केलं नाही. चौथ्या खेपेला थाप मारली, तर तिने पुन्हा धरलं. दोन वर्षांचा माझा मुरलेला खेळ अर्ध्या तासात उतरला.

पत्ते गोळा करता करता ती सहज म्हणाली, "दिगू, ती क्लिप कधी निघाली म्हणालास?"

"अगं, नुकतीच. महिनाभर झाला असेल."

आक्काने हातातले पत्ते खाली ठेवले. माझ्याकडे नीट, नव्या डोळ्याने बघितलं.

"चॅलेंज," ती म्हणाली.

मी पत्ते पिसायला घेतले.

"अरे, साठ वर्षं मी पत्ते कुठे बघत होते? तुझ्या पापण्या बघत होते. थाप मारलीस की फडफडतात. मधली दोन वर्षं दिसत नव्हत्या, म्हणून तू जिंकलास. आणि म्हणून तुझं खरं मानून मी मूर्खासारखी सातपर्यंत पापणी ताणत बसले."

मग मी सगळं सांगितलं. टेबल, मॅडम, बढ़िया-बढ़िया, पोह्यांचं दुकान, सगळं. ती इतकी हसली की नव्या डोळ्याला पाणी आलं आणि सूनबाई धावत थेंब घेऊन आल्या.

आता दर गुरुवारी मी दवाखान्याचा तो काळा चष्मा लावून खेळायला बसतो. तरी हरतो. आक्का म्हणते, कानही हलतात.